अब्बांचा खोकला



आमच्या घरी पहाटेच्या अजानीआधी अब्बांचा खोकला ऐकू यायचा. आम्हा भावंडांचं ते घड्याळच होतं. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई आणि श्वास जरा जागेवर आला की हात उशाखालच्या बिडीबंडलाकडे जाई. अम्मी रागावली की म्हणत, "बिडीनं कफ मोकळा होतो."

खरं तर उलट होतं. आपल्या श्वासनलिकेत अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलून धूळ, जंतू आणि कफ वर ढकलतात. धुरानं त्यांचं काम मंदावतं. मग साचलेला कफ काढायला खोकलाच उरतो. फ्लूच्या विषाणूलाही अशी छाती सोपी सापडते. बिडी पानाची म्हणून सौम्य, हाही गैरसमजच. ती विझू नये म्हणून माणूस जास्त झुरके मारतो.

हे आज आपण सहज बोलतो. पण 1950 पूर्वी फुफ्फुसाचा कर्करोग का वाढतोय, हे डॉक्टरांनाही नीट उमगलं नव्हतं. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी शोध सुरू केला. डॉल यांचा संशय रस्त्यांवरच्या डांबरावर होता. या कर्करोगाच्या 649 पुरुष रुग्णांना विचारलं, तर तंबाखू न ओढणारे निघाले फक्त 2. इतर आजारांच्या तितक्याच रुग्णांत ते 27 होते. डॉल स्वतः सिगारेट ओढत. त्यांनी ती सोडली.

पुढे 1951 पासून त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवली. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टर, तब्बल पन्नास वर्षं! 2004 साली निष्कर्ष आला: सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटतं. पण साठीत सोडली तर त्यातली सुमारे तीन वर्षं वाचतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत जवळजवळ सगळी दहा.

अब्बा रमजानमध्ये दिवसभर बिडीला शिवत नसत. इफ्तारला खजूर खाल्ला की पेटवत. म्हणजे राहता येत होतं. पण सोडून फायदा काय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मी तर स्वतः सिगारेट ओढत होतो. धुराशिवाय कविता सुचत नाही, असा माझा समज! पन्नाशीला सोडली, तेव्हा पहिला महिना एक ओळ सुचली नाही. दुसऱ्या महिन्यात सुचली, ती अब्बांच्या खोकल्यावर.

तुमच्या घरी पहाटे कुणी असं खोकत असेल, तर रागावू नका. शेजारी बसा आणि हा हिशेब सांगा. ते म्हणतील, "आता साठी झाली, काय उपयोग?" म्हणावं, अजून तीन वर्षं हाती आहेत. तीन वर्षांत तान्हा नातू गोष्ट सांगा म्हणून मागे लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)