सासूबाईंची धाप



मी सातवी शिकलेली बाई, डॉक्टरी सांगायला उभी नाही. माझ्या हातून चूक झाली, तेवढी सांगते.

सासूबाईंनी जन्मात विडी ओढली नाही. पण डोंबिवलीच्या चाळीत वर्षानुवर्षे शेगडी फुंकली, तो धूर छातीत बसला. २०२४ च्या पावसाळ्यात धाप वाढली, तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. गुण आला. मग पुन्हा दम लागला, की मी तीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणी. त्यांना मधुमेह आहे हे ठाऊक होते हो. पण छातीच्या औषधाचा साखरेशी काय संबंध, असे वाटे!

त्यांना तहान फार लागू लागली, रात्री चार-चारदा उठत. मी पहाटे उपाशीपोटी साखर पाही, ती बेताचीच. डॉक्टर म्हणाले, "ही गोळी सकाळी घेतली की साखर दुपारनंतर चढते. तेव्हा पाहा." पाहिली, तर ३४०! माझे हातपायच गळाले. साखर चढली की जंतूंना फावते, खोकला बळावतो. धापेने चालणे सुटते आणि साखर आणखी चढते.

आता त्या रोज पंप ओढतात. त्यातही स्टिरॉइड आहे, पण थोडे आणि थेट फुप्फुसात. वर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. गोळ्या फार दिवस चालल्या असतील, तर मनानेच एकदम थांबवूही नयेत.

परवा त्या फडके रोडच्या गणपतीला चालत गेल्या. वाटेत दोनदा बसल्या, पण गेल्या.