गोळीनंतरचं ओझं

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्कच्या पहिल्या शिकारीची तयारी बंदुकीपासून सुरू होत नाही. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी प्रशिक्षणाचा दाखला लागतो. मग परवाना, नेमबाजीचा सराव आणि इतर शिकाऱ्यांना माणूस ओळखू यावा म्हणून भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट-टोपी.

पण खरी कसोटी पाठीची. एल्क हा आपल्या सांबराचाच भाऊबंद. मोठा नर ३०० किलोंच्या घरात भरतो. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं तिथं गुन्हा आहे. म्हणून जाणते शिकारी आधी कित्येक आठवडे पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढतात. खोल दरीतलं जनावर टप्प्यात आलं, तरी ते वर आणता येणार नसेल, तर बंदूक खाली घ्यायची. हे घरीच ठरवून निघावं.