उड्डाण रद्द होतं, जबाबदारी होत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुलै महिन्यातली एक संध्याकाळ. मुंबईत दुपारपासून मुसळधार पाऊस लागला होता. मला नागपूरला जायचं होतं, म्हणून मी वेळेच्या बराच आधी विमानतळावर पोहोचलो. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. हातात एक कापडी पिशवी, बाकी सामान नाही. बोलता बोलता कळलं, की त्यांची धाकटी बहीण त्याच दिवशी नागपूरला वारली होती. घरची मंडळी त्यांच्यासाठी थांबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अंत्ययात्रा निघायची होती.

समोरच्या फलकावर आमच्या विमानाला अर्धा तास उशीर असल्याचं झळकलं. मग आणखी अर्धा तास. मग पाऊण तास. काउंटरवर विचारलं की उत्तर एकच, ‘सर, वेदर!’ ते गृहस्थ तीनदा उठून विचारून आले. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. ‘विमान जाणार आहे की नाही, एवढंच सांगा. जाणार नसेल तर मी रात्रीच्या गाडीनं निघतो.’ आगगाड्या त्या दिवशी चालू होत्या. पण ‘जाणार नाही’ असं कुणी म्हणेना आणि ‘जाणार’ असंही खात्रीनं सांगेना. रात्री अकराच्या सुमारास उड्डाण रद्द झाल्याची घोषणा झाली. तोवर नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या निघून गेल्या होत्या.

गर्दी पांगल्यावर काउंटरवरच्या मुलीनं हळू आवाजात सांगितलं, की आम्ही ज्या विमानानं जाणार होतो, ते दुसऱ्या शहरातून मुंबईकडे निघालंच नव्हतं. हे संध्याकाळीच ठाऊक होतं. पण वरून सांगितल्याशिवाय तिला काही बोलता येत नव्हतं.

त्या गृहस्थांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी घरी फोन लावला आणि म्हणाले, ‘माझ्यासाठी थांबू नका.’

पाऊस कुणाच्या हातात नसतो, हे त्यांनाही कळत होतं. त्यांची तक्रार पावसाबद्दल नव्हतीच. त्या संध्याकाळचे जे चार तास त्यांच्या हातात होते, ते दुसऱ्या कुणीतरी गप्प राहून घालवले, ही त्यांची तक्रार होती. आजचं माझं बोलणं याच फरकाबद्दल आहे.

आधी विमान कंपन्यांची बाजू समजून घेऊ. हवामान खराब असताना विमान न उडवणं हा शहाणपणा आहे. त्यासाठी कुणी कंपनीला दोष देऊ नये. धावपट्टी ठरावीक अंतरावरून दिसली नाही, तर वैमानिकाला विमान उतरवता येत नाही. दिल्लीसारख्या विमानतळावर दाट धुक्यातही विमान उतरवण्याची यंत्रणा आहे. पण त्यासाठी विमानात तशी साधनं हवीत आणि वैमानिकाचं खास प्रशिक्षण झालेलं हवं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसानं विमानं उतरण्याचा वेग थोडा जरी मंदावला, तरी आकाशात रांग लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तर विमानतळच बंद ठेवावा लागला होता. अशा दिवशी कंपनी तरी काय करणार?

पुष्कळ प्रवाशांना आणखी एक गोष्ट खटकते. पुण्यात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि सूचना येते, ‘खराब हवामानामुळे उड्डाण रद्द.’ माणूस चिडतो, म्हणतो, हे धडधडीत खोटं आहे! पण ते खोटं असेलच असं नाही. एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरं फिरतं. सकाळी ते दिल्लीच्या धुक्यात अडकलं, तर दुपारी पुण्यात त्याची वाट पाहणारे लोक ताटकळतात. शिवाय वैमानिकांच्या कामाचे तास ठरलेले असतात. ते संपले, तर आभाळ निवळलं तरी त्याला विमान नेता येत नाही. दमलेल्या वैमानिकानं ते नेऊ नये, हे आपल्याच भल्याचं आहे.

पण इथूनच एक निसरडी जागा सुरू होते. हवामानाचं कारण कुठे संपतं आणि कंपनीच्या तयारीतली उणीव कुठे सुरू होते? डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन नाताळात, अमेरिकेत हिमवादळ आलं. सगळ्याच कंपन्यांची उड्डाणं रद्द झाली. वादळ ओसरलं, बाकीच्या कंपन्या सावरल्या; साउथवेस्ट या मोठ्या कंपनीचा गोंधळ मात्र पुढे कित्येक दिवस चालूच राहिला. कोणता वैमानिक कुठे आहे, कोणती हवाई सेविका कोणत्या शहरात अडकली आहे, याचा मेळ घालणारी तिची संगणकयंत्रणाच त्या ताणाखाली कोलमडली होती. सोळा हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली. वर्षभरानं तिथल्या सरकारनं कंपनीवर १४ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई केली. सुरुवात वादळानं केली होती, हे खरं. पण वादळ गेल्यावरही लोक अडकून पडले, ते कंपनीच्या तयारीअभावी.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०१० मध्ये प्रवाशांच्या सोयींबद्दल नियम केले आणि पुढे त्यांत सुधारणाही केल्या. उड्डाण रद्द झालं, तर प्रवाशाला पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, यांपैकी त्याला मान्य असेल ते द्यावं लागतं. पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केलं, तर त्यावर नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. मात्र हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल, तर ही भरपाई मिळत नाही.

नेमका इथेच घोळ होतो. काउंटरवर सांगितलं जातं, ‘हवामानामुळे रद्द झालंय, काही मिळणार नाही.’ आणि आपण मान डोलावून परततो. वास्तविक जी मिळत नाही, ती वरची भरपाई. तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी विमान, हा हक्क पावसात वाहून जात नाही. विमानतळावर वेळेत हजर झालेल्या प्रवाशाला पर्यायी विमानाची वाट पाहताना खाण्यापिण्याची सोयही मिळायला हवी.

युरोपात या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातली विमानसेवा ठप्प झाली. पोर्तुगालमध्ये अडकलेल्या एका महिलेनं आठवडाभराचा राहण्याजेवण्याचा खर्च विमान कंपनीकडे मागितला. कंपनीचं म्हणणं, हे संकट नेहमीच्या अपवादांतही बसत नाही, इतकं मोठं आहे. २०१३ च्या जानेवारीत युरोपीय न्यायालयानं निकाल दिला. त्याचा आशय असा, की संकट कितीही असाधारण असो, अडकलेल्या प्रवाशाची काळजी घेण्याच्या कर्तव्यातून कंपनी सुटत नाही. उलट, प्रवासी जितका जास्त काळ अडकतो, तितकी त्याला त्या काळजीची गरज अधिक. आपल्याकडे रात्रीच्या मुक्कामावरून काउंटरवर जी हुज्जत चालते, ती पाहिली की हा निकाल हटकून आठवतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत दाट धुकं होतं. एका विमानात वैमानिक उशिराची घोषणा करत असताना एक प्रवासी धावून गेला आणि त्यानं त्याच्यावर हात उगारला. त्याच दिवशी गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान मुंबईकडे वळवावं लागलं. रात्री मुंबईत उतरलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवत असल्याची दृश्यं सगळ्या देशानं पाहिली. त्या प्रकरणी विमान कंपनीला १ कोटी २० लाख रुपये दंड झाला, विमानतळ चालवणाऱ्यांनाही दंड झाला. तीन तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर कंपनीनं उड्डाण वेळीच रद्द करून लोकांना कळवावं, अशा सूचनाही त्यानंतर दिल्या गेल्या.

वैमानिकावर हात उगारणाऱ्याचं समर्थन कुणीच करणार नाही. पण एवढा संताप येतो कुठून? उशिरामुळे माणूस जितका चिडतो, त्याहून जास्त तो अंधारात ठेवल्यामुळे चिडतो. आणि तो राग नेमका चुकीच्या माणसावर निघतो. काउंटरवरची पंचविशीची मुलगी सकाळपासून उभी असते. तिनं ना उड्डाण रद्द केलेलं असतं, ना तिला काही ठरवण्याचा अधिकार दिलेला असतो. ज्यांनी ठरवलं ते समोर येत नाहीत. तिच्या हातात खरी माहिती आणि चार गोष्टी करण्याचा अधिकार दिला, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

मग आपण प्रवाशांनी काय करावं? चार गोष्टी सांगतो. पहिली, उड्डाण रद्द होणार अशी चिन्हं दिसली, तरी घाईनं स्वतःहून तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर पैसे कापले जाण्याची शक्यता असते. कंपनीनं रद्द केलं तर पैसे परत करणं तिच्यावर बंधनकारक असतं. दुसरी, रद्द झाल्याचा आणि त्याच्या कारणाचा संदेश मोबाइलवर किंवा लेखी घ्या, आणि जपून ठेवा. खर्चाच्या पावत्याही ठेवा. तिसरी, तिकीट एजंटकडून काढलं असलं, तरी पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे. ‘एजंटला विचारा’ या उत्तरावर गप्प बसू नका. चौथी, कंपनीनं दाद दिली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगातही जाता येतं. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठायला नको.

आणि विमान कंपन्यांकडे मागणं एकच. आम्हाला माहीत असलेलं सगळं खरं, आणि वेळेत सांगा. त्याला पैसे लागत नाहीत. ‘विमान अजून तिकडून निघालेलं नाही, ते येण्याची शक्यता कमी आहे, तुम्हाला दुसरी सोय पाहायची असेल तर पाहा, पैसे परत मिळतील’ अशी दोन-तीन वाक्यं आहेत ती. कदाचित अशानं काही तिकिटं हातची जातील. पण माणूस पुढच्या वेळी पुन्हा तुमच्याच काउंटरवर येईल.

त्या रात्री विमानतळावर आम्हाला एक पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा मिळाला. त्या गृहस्थांनी आपला पुडा रडणाऱ्या एका लहान मुलीला दिला. पहाटेच्या विमानात त्यांना जागा मिळते का, म्हणून आम्ही दोघं पुन्हा रांगेत उभे राहिलो. जागा मिळाली ती दुपारच्या विमानात. नागपूरला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बाहेर त्यांचा भाचा उभा होता. त्यानं डोकं पूर्ण उतरवलेलं होतं. मामांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘नीट झालं ना रे सगळं?’