डब्यांतली पद्मिनी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन – दहा मिनिटे' असं छापलं आहे. पुनरुज्जीवन हा शब्द समितीचा. मी आपलं 'गाडी पूर्ण केली' एवढंच म्हणतो, आणि त्यातही सुरुवात माझी नाही. सुरुवात मास्तरांची.

नवीन राहायला आलेल्यांसाठी थोडं सांगतो. 14 नंबरच्या पार्किंगमध्ये जी फिकट निळी प्रीमियर पद्मिनी उभी आहे ती 1986 ची. मास्तर आणि वहिनी 2000 साली आपल्याकडे राहायला आले ते तिच्यातूनच, टपावर गाद्या बांधून. मास्तर टेक्निकल शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. 2018 मध्ये त्यांनी ती गाडी पूर्ण उलगडायला घेतली. 2021 च्या मे महिन्यात मास्तर गेले. तेव्हा गाडीचा सांगाडा खाली विटांवर, इंजिन गॅलरीत फळीवर आणि बाकी सगळी गाडी पोटमाळ्यावर डब्यांत, अशी स्थिती होती.

2022 च्या वार्षिक सभेत बंद वाहने हलवण्याचा ठराव आला. तो आणणाऱ्या तरुण सभासदांवर तेव्हा काही ज्येष्ठ रागावले होते. मी रागावलो नव्हतो. फ्लॅट 48 आणि पार्किंग 31, हा हिशेब कुणालाही कळतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ती गाडी म्हणजे सोसायटीच्या पुस्तकातलं अनुत्पादक खातं होतं. वहिनींच्या मुलाचा कॅनडाहून फोन आला, भंगारवाल्याला देऊन टाक. भंगारवाला आलाही. त्याने सांगाड्याचा भाव केला आणि डब्यांचे पैसे मिळणार नाहीत म्हणाला. त्या संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, अर्धी गाडी कुणाला देऊ? पूर्ण करा, मग विकायची का ठेवायची ते बघू." मला मेकॅनिकचं काम येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "तुम्हाला हिशेब येतो ना," म्हणाल्या.

मंडळी, डबे बघितल्यावर मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला. बोर्नव्हिटाचे, तुपाचे, बिस्किटांचे असे 214 डबे आणि पुड्या. प्रत्येकावर मास्तरांचं ते ड्रॉइंगचं सुवाच्य अक्षर. 'डावे मागचे चाक, आतील बोल्ट 6. एक आखूड आहे, तो वरचा.' सोबत एक वही. तिच्यात काय कोणत्या क्रमाने काढलं त्याची नोंद, लागेल तिथे पेन्सिलीची आकृती. म्हणजे मला फक्त ती वही शेवटच्या पानापासून मागे वाचत यायचं होतं. उघडून ठेवलेल्या गाड्या मी नंतर पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बहुतेक पैशांअभावी अडलेल्या नाहीत. कुठला स्क्रू कुठला ते कुणाला आठवत नाही, म्हणून अडल्या आहेत.

(87 नंबरचा डबा मात्र सापडत नव्हता. दोन महिन्यांनी सापडला. डबा वहिनींच्या स्वयंपाकघरात भाजणीने भरलेला आणि आतल्या पिना शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये. यावर जास्त बोलत नाही, वहिनी पहिल्या रांगेत आहेत.)

आता गाडीबद्दल थोडं. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथेच आधी फियाट बनायची आणि 1970 च्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. इंजिन 1089 सीसी, शक्ती सुमारे 40 हॉर्सपॉवर. माझे जावई अमेरिकेत मिशिगनला असतात. तिथे लोक आपापल्या गॅरेजमध्ये 1960 च्या दशकातल्या मसल कार दुरुस्त करत बसतात. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन, म्हणजे मसल कार. 1964 च्या पॉन्टिअॅक जीटीओची ताकद 325 हॉर्सपॉवर होती. मी भागाकार केला. त्या गाडीचा एक सिलिंडर म्हणजे आपली अख्खी पद्मिनी! पण त्यांची एक सोय आहे. मस्टँगसारख्या गाडीचा कोराकरकरीत संपूर्ण सांगाडासुद्धा तिथे आज विकत मिळतो. इथे आपल्याला दाराचं एक रबर हवं असेल तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उन्हात फिरावं लागतं. गाडीचं माहेरच कुर्ला, म्हटल्यावर तिथे खेपा घालणं ओघाने आलं. कारखाना आता नाही.

तिथेच उस्ताद भेटले. चाळीसेक वर्षं काळ्या-पिवळ्या टॅक्सींची कामं केलेले मिस्त्री. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत पहिल्या पानावर फोटो आले. उस्तादांचं काम त्याच्या बरंच आधी संपत आलं होतं. ते दर रविवारी ठाण्याला येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "साहेब, रंग शेवटी. लोक आधी रंग काढतात, गाडी चकचकीत दिसते, मग वाटतं झालीच. तिथेच उभी राहते." त्यांच्या ओळखीत रंग केलेल्या आणि कधीच न चाललेल्या चार गाड्या होत्या.

मी एक रजिस्टर घातलं. बँकेत ताळमेळ लावताना आपण न जुळलेल्या नोंदींची यादी करतो, तशी बाकी राहिलेल्या कामांची यादी. जानेवारी 2023 मध्ये नोंदी होत्या 112. पुढचे सात महिने पत्रा, गॅस वेल्डिंग आणि इंजिन. फ्लोअर दोन्हीकडे सडला होता, तो कापून नवा बसवला. इंजिनचं बोअरिंग मास्तरांनीच करून ठेवलं होतं, पिस्टन डब्यात तेल लावून ठेवलेले होते. पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि एसी पंपाचा पडदा बदलला. ग्राइंडर सोसायटीच्या मीटरवर चालतो अशी लेखी तक्रार आली, तेव्हा सबमीटर बसवला. त्याचे 412 रुपये भरल्याची पावती माझ्याकडे आहे, खजिनदारांनी काळजी करू नये.

ऑगस्टमध्ये इंजिन सुरू झालं. चौथ्या सेल्फला, चोक ओढून. धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. मुलं टाळ्या वाजवत होती, कुणीतरी पेढे आणले, 'झाली गाडी!' असं ग्रुपवर आलं. त्या रात्री मी रजिस्टर उघडलं. शिल्लक नोंदी 61.

या 61 नोंदींबद्दलच मला आज खरं बोलायचं आहे, कारण इंजिनाची गोष्ट सगळेच सांगतात. या कामांत आवाज नाही, धूर नाही, कुणी पेढे आणत नाही. उदाहरणार्थ गिअर. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत दांड्या आणि त्यांच्या सांध्यांत छोटे बुश. ते झिजले की गिअर सापडत नाही, दांडा वरणातल्या पळीसारखा फिरतो. बुश किमतीने किरकोळ. पण योग्य मापाचे मिळेपर्यंत माझ्या कुर्ल्याच्या पाच खेपा झाल्या आणि शेवटी उस्तादांच्या एका मित्राने लेथवर करून दिले. एक नोंद खोडायला सहा आठवडे. दाराची काच खाली-वर करायचं यंत्र, वायपरचा दांडा, डिकीचं कुलूप, छतावरच्या दिव्याची वायर, या सगळ्यांचं असंच. दोन महिने एकही नोंद खोडली गेली नाही, तेव्हा मी चिडचिडा झालो होतो असं आमच्या घरून सांगतात.

ब्रेक हा भाग मला सगळ्यात आवडला. चारही चाकांना ड्रम. रबर किट नवीन, तेल नवीन, पण पाइपांत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं खाली जातं. हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. उस्ताद गाडीखाली आडवे आणि पेडलवर वहिनी. "दाबा… अजून… धरून ठेवा!" निपल उघडायचं, नळीतून बुडबुडे, निपल बंद, मग "सोडा!" दीड तास चाललं. वहिनींच्या पायाला गोळा आला पण उठल्या नाहीत. डाव्या मागच्या चाकाशी तो आखूड बोल्ट 'वरचा' म्हणून लिहिलेला होता, तो खाली लावला असता तर काय झालं असतं ते उस्तादांनी मला दाखवलं. लांब बोल्टाचं टोक आत घासत होतं. उस्तादांनी चष्मा लावून चिठ्ठी पुन्हा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. ती मी परत मागितली नाही.

रंग शेवटी काढला आणि तो फिकट निळाच. आरसीवर रंगाची नोंद असते, बदलला तर आरटीओकडे दुरुस्ती करून घ्यावी लागते. वहिनींना तसाही दुसरा रंग नकोच होता. पेंटरला मी एकच गोष्ट तीन वेळा सांगितली, चासी नंबरवर लांबी भरू नकोस. आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतात. तो उमटला नाही तर आपली गाडी आपलीच आहे हे सिद्ध करता करता वर्ष जातं.

कागदपत्रांत मी रमलो, हे उघड आहे. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मास्तरांनी 2016 ला शेवटचं केलं होतं, ते 2021 ला संपलं. आधी वारस म्हणून वहिनींच्या नावावर करायला फॉर्म 31, मग नूतनीकरणाला फॉर्म 25. नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून एकदम 5000 झाली. शिवाय उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि यंदा नवीन सुरक्षा नंबर प्लेट. गाडी पन्नास वर्षांची असती तर व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी झाली असती. पण त्यासाठी आपल्याला 2036 पर्यंत थांबावं लागेल आणि मी काही तेवढा आशावादी नाही. डिसेंबर 2024 मध्ये निरीक्षकाने गाडी पाहिली, हॉर्न, दिवे, ब्रेक तपासले, ठसा घेतला. माझ्याकडे बघून विचारलं, "विकणार का?" मी म्हटलं, मालकीणबाईंना विचारा.

एकूण खर्च 2 लाख 38 हजार. सगळा वहिनींचा. पै न पै रजिस्टरमध्ये आहे, कुणीही बघावी. आज गाडीची बाजारात त्याच्या निम्मीही किंमत येणार नाही. शाखेत असताना असा प्रस्ताव समोर आला असता तर मी पहिल्याच पानावर 'नामंजूर' लिहिलं असतं.

आणि आता एक गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती. कागद आले त्या संध्याकाळी मी किल्ली घेऊन खाली गेलो. उपवन तलावापर्यंत एक फेरी मारून आणावी असा बेत होता. वहिनी आधीच खाली उभ्या. मी डावीकडचं दार उघडून धरलं. त्यांनी हात पुढे केला, किल्लीसाठी. म्हणाल्या, "भाऊजी, मी या गाडीवर 1988 साली शिकले आहे." मी लायसन्सचं विचारलं, शेवटी बँकेतला माणूस. त्यांनी पर्समधून काढून दाखवलं. 2022 च्या मार्चमध्ये नूतनीकरण केलेलं. म्हणजे गाडी 214 डब्यांत होती, खाली ठरावाची कुजबुज चालली होती, तेव्हा या बाई डॉक्टरी दाखला घेऊन लायसन्सचं नूतनीकरण करून आल्या होत्या. कुणाला बोलल्या नव्हत्या. मी डावीकडे बसलो. स्टिअरिंगवरचा गिअर त्यांनी न बघता टाकला.

विकायचं का ठेवायचं, हा विषय त्यानंतर निघालेला नाही.

रजिस्टरमध्ये आजही दोन नोंदी शिल्लक आहेत. पावसात ड्रायव्हरच्या पायाशी थोडं पाणी येतं, आणि पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली खोटं बोलतो. पार्किंगचा प्रश्न तर आहेच. 14 नंबर आता चालू गाडीचा आहे एवढंच. 48 आणि 31 चा हिशेब मात्र सुटलेला नाही, आणि समितीने तो पुढच्या सभेत घ्यावा अशी माझी विनंती आहे.

दर रविवारी सकाळी साडेसातला वहिनी उपवनला जातात. मागच्या सीटवर तिघांची जागा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी शनिवारपर्यंत गेटवरच्या वहीत नाव लिहावं. मुलांनी एक लक्षात ठेवा, दार आपटायचं नाही, डावीकडची काच खाली घसरते.