हरवलेल्या संवेगाचा हिशेब
(मंडळाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



रायपूरच्या आपल्या या मंडळात कॅरमचा पट सर्वांच्या परिचयाचा आहे. स्ट्रायकर सरळ मारावा आणि सोंगटी डावीकडे निघावी, की स्ट्रायकर उजवीकडे कललाच म्हणून समजावे. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. आघातापूर्वी आडव्या दिशेचा संवेग शून्य होता. म्हणून आघातानंतरही डावीउजवीकडचा संवेग समसमान निघावयास हवा. हाच संवेग अक्षय्यतेचा नियम. अणूहून सूक्ष्म कणही त्याला बांधलेले आहेत.

१९८३ साली जिनिव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेने डब्ल्यू कणाचा शोध जाहीर केला, तो याच नियमाच्या बळावर. तेथे प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळत. क्वचित एका बाजूस वेगवान इलेक्ट्रॉन निघे आणि विरुद्ध बाजूस काहीच दिसत नसे. नियम मोडला, असे शास्त्रज्ञांनी म्हटले नाही. उरलेला संवेग न दिसणाऱ्या न्यूट्रिनोने नेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९८४ चे नोबेल पारितोषिक या कार्यास लाभले.

परंतु एखादा नेहमीचा कणच मापकातून निसटला तर? मग उणीव निसर्गातील नसून आपल्या जमाखर्चातील ठरेल. सर्नच्याच सीएमएस या यंत्रात ही भीती होती. तेथील प्रचंड चुंबकाच्या आत ऊर्जामापकास जागा अपुरी पडते. अतिवेगवान कणांचा वर्षाव त्यास भेदून बाहेर जाऊ शकतो. म्हणून चुंबकाबाहेर आणखी एक थर बसविण्यात आला. कण शिरताच ज्यात प्रकाश उमटतो, अशा फरश्यांचा तो थर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ यांनी सिद्ध केला.

या कामाला झगमगाट नाही. परंतु विश्वातील कृष्णद्रव्याचा शोध आज अशाच हरवलेल्या संवेगावरून घेतला जात आहे. तो अद्याप लागलेला नाही. उद्या तशी उणीव आढळली, तर पहिला प्रश्न हाच असेल: मोजण्यासारखे सर्व मोजले काय? तेव्हा कुलाब्याच्या त्या संस्थेची साक्ष काढली जाईल. अदृश्याची ग्वाही देण्याचा अधिकार दृश्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्यालाच असतो, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.