घोळक्यातला एकटेपणा



जून-जुलै आला की पुण्याच्या स्टेशनवर आणि एस. टी. स्टँडवर एक दृश्य हटकून दिसते. गावाकडून शिकायला आलेला मुलगा आणि त्याला पोचवायला आलेले वडील. पूर्वी मुलाच्या हातात पत्र्याची ट्रंक आणि काखेत वळकटी असे. आता पाठीवर सॅक आणि हातात फोन असतो. वडील खोली बघतात, मेसचे पैसे भरतात, 'नीट अभ्यास कर' म्हणतात आणि संध्याकाळची गाडी पकडतात. रात्री त्या खोलीत आणखी दोघेतिघे असतात, शेजारी दंगा चाललेला असतो. एकटा म्हणावा असा तो मुलगा घटकाभरही नसतो. आणि तरी तो जन्मात कधी नव्हता इतका एकटा असतो. हे कसे काय होते, याचा आज थोडा विचार करायचा आहे. त्यासाठी एक कादंबरी हाताशी घेऊ.

'कोसला' हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. लेखक तेव्हा पंचविशीतला. खानदेशातल्या सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो. घरची शेतीवाडी आहे, पैशाची ददात नाही. वसतिगृहात त्याला मित्र मिळतात, तो सभासंमेलनांत पुढे असतो, मेसचा सेक्रेटरीही होतो आणि त्या व्यवहारात चांगलाच खड्ड्यात जातो. वर्षे जातात, परीक्षा काही धड होत नाहीत, आणि शेवटी तो गावी परत येतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेले घर. नावातच सगळे आले.

आता मनोविश्लेषण म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. आपल्या जुन्या घरांत ओसरी असते, माजघर असते, आणि आत अंधारात धान्याचे बळद असते. आल्यागेल्याला ओसरी दिसते. घर चालते ते बळदावर. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने मनाविषयी असेच म्हटले. आपण जे बोलतो-वागतो त्यामागे न दिसणारा मोठा साठा असतो, त्याला आपण नेणीव म्हणू. हे शास्त्र आपल्याकडे काही अगदीच परके नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कलकत्त्याला मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली होती.

याच शास्त्रातल्या मेलनी क्लाइन या बाईंनी आयुष्याच्या अखेरीस एकटेपणावर एक निबंध लिहिला. त्या १९६० साली वारल्या आणि निबंध छापून आला १९६३ साली. म्हणजे 'कोसला' आली त्याच वर्षी! दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. क्लाइनबाईंचे म्हणणे असे की, खरा एकटेपणा माणसे नसल्यामुळे येत नाही. तो मित्रांत बसलेला असताना, कुणी माया करत असतानाही येतो. तान्हेपणी आपल्याला काय हवे ते न सांगता कुणाला तरी कळत होते. ते बोलल्यावाचून कळणे पुढे संपते, आणि त्याची ओढ जन्मभर राहते. बाईंचे स्वतःचे आयुष्य पाहिले तर हे कोरडे पुस्तकी ज्ञान नव्हते. त्या चार वर्षांच्या असताना त्यांची मोठी बहीण सिडोनी वारली. त्या पोरीने आजारपणात अंथरुणात पडल्यापडल्या धाकटीला वाचायला आणि आकडे मोजायला शिकवले होते. आमच्या शिक्षकबंधूंनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पांडुरंगाच्या कथेतही एक बहीण आहे. धाकटी मनी. ती देवीच्या रोगाने जाते. आज तो रोग उरलेला नाही, १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला. पण त्या काळी हे दुःख घरोघर ठाऊक होते. माझ्या समजुतीप्रमाणे साऱ्या कादंबरीची गाठ इथे आहे. पुष्कळ टीकाकारांनी पांडुरंगाला बंडखोर म्हटले, कुणी वाया गेलेला म्हटले. मला तो सुतकातला मुलगा वाटतो, ज्याचे सुतक कुणी फेडलेच नाही.

फ्रॉइडने १९१७ च्या एका निबंधात शोक आणि विषण्णता यांत भेद केला आहे. शोक करणाऱ्याला जग ओस वाटते. विषण्ण माणसाला स्वतःच पोकळ झाल्यासारखे वाटते. पहिल्याला आपले काय गेले ते ठाऊक असते, तो रडतो आणि हळूहळू सावरतो. दुसऱ्याचा राग, ज्यावर निघायला हवा त्यावर न निघता, स्वतःवरच उलटतो. पांडुरंगाकडे या नजरेने पाहा. वडिलांवर त्याचा राग आहे, घरावर आहे, मनीला वाचवू न शकणाऱ्या साऱ्या व्यवस्थेवर आहे. तो राग काढणार कुणावर? मग तो वर्षे उधळतो, पैसा उधळतो, स्वतःचीच टर उडवतो.

त्याची भाषा ऐका. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द त्याच्या तोंडी इतके येतात की, पुढे कॉलेजातली मुले ते गमतीने बोलू लागली. मला ती निव्वळ लकब वाटत नाही. जे बोलायचे ते बोलता येत नाही म्हणून माणूस 'वगैरे' म्हणतो. तोच त्याचा कोसला.

हे मला पुस्तकातून उशिरा कळले. मी काही वर्षे एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. एका संध्याकाळी एक मुलगा रजेचा अर्ज घेऊन आला. म्हणाला, 'सर, आजी वारली वगैरे. चार दिवस जाऊन येतो.' मी सही केली, परीक्षा जवळ आल्याची आठवण दिली आणि पुढचा कागद घेतला. आजीनेच त्याला वाढवले होते, हे मला नंतर त्याच्या खोलीतल्या मुलांकडून कळले. तो परत आला, पण वर्ष अर्धे सोडून गेला. त्याचे ते 'वगैरे' अजून माझ्या कानात आहे.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. कादंबरीतले पात्र म्हणजे रोगी नव्हे आणि लेखक तर नव्हेच. पांडुरंगाला रोगाचे नाव चिकटवून मोकळे झालो तर आपणही त्या रेक्टरसारखे सही करून मोकळे झालो असे होईल. शिवाय घराचा दोष किती, आणि खेड्यातल्या मुलाला उपरे ठरवणाऱ्या शहराचा किती, हा हिशेब नुसत्या मनोविश्लेषणाने सुटत नाही. तिथे ते शास्त्र थिटे पडते, असे मी म्हणेन.

आपल्या भाषेत एकांत आणि एकटेपणा असे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. देहूजवळच्या भंडाऱ्या डोंगरावर तुकोबा एकांतात बसत. त्यांना आपण एकाकी म्हणत नाही. विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने १९५८ साली या फरकाचे मूळ दाखवले. ओसरीवर आई सुपात धान्य निवडते आहे आणि दोन हातांवर पोर मातीत खेळते आहे, असे समजा. ते तिच्याकडे बघतही नाही. पण ती उठून आत गेली की खेळ थांबतो. कुणीतरी जवळ आहे या भरवशावर मूल एकटे राहायला शिकते, असे विनिकॉट म्हणतो. तुकोबांना विठ्ठलाचा भरवसा होता. आमच्या पांडुरंगाचे नाव देवाचे खरे, पण त्याच्या ओसरीवर कुणी बसलेले नव्हते.

गेल्या काही वर्षांत मी वर्गात मनीच्या मृत्यूचा भाग मोठ्याने वाचत असे. टिपणे देत नसे, प्रश्न विचारत नसे. एकदा वाचता वाचता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून बाहेर गेला. मी पुस्तक मिटले आणि त्याच्या मागे गेलो. व्हरांड्यात तो कठड्याला टेकून उभा होता. मी शेजारी उभा राहिलो. बराच वेळ तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. मग त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले, घरी कोण कोण असते ते सांगितले, आणि पुढचे सांगू लागला. तास संपल्याची घंटा झाली, मुले बाहेर पडली, तरी आम्ही तिथेच उभे होतो.