प्रभार यादीबाहेरची शाळा

खासगी अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक बदलतो तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि पूर्व विदर्भात तो दिवस पुष्कळदा 30 जूनचा असतो. निवृत्तीचे वय 58. ज्या पोरांच्या जन्माची नोंद कोणी ठेवली नव्हती, त्यांचे नाव घालताना गुरुजींनी 1 जुलै ही तारीख टाकून दिली. आणि एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उघडतातही जूनच्या अखेरीस. पाचवीचे प्रवेश चालू आहेत, पुस्तकांचे गठ्ठे व्हरांड्यात पडले आहेत, बांधीत पऱ्हे टाकायची घाई म्हणून निम्मी पोरे गैरहजर आहेत, आणि त्याच आठवड्यात शाल-श्रीफळ होऊन किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हाती जातो.

भंडारा–पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावी मुख्याध्यापकांचे संमेलन भरवणाऱ्या संयोजकांचे, जागा देणाऱ्या शाळेचे आणि पंगतीची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांचे आभार अध्यक्षांनी मानायचे असतात. ते मानले आहेत. वर्षाचा आढावाही रिवाजाने घ्यायचा असतो. पवित्र पोर्टल, संचमान्यता, वेतनेतर अनुदान, नवे शैक्षणिक धोरण या विषयांवर आधीच्या सत्रांत भरपूर बोलून झाले आहे. ज्या गोष्टीवर कुठल्याच सत्रात कोणी बोलले नाही, ती म्हणजे मुख्याध्यापक बदलण्याची रीत.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम 1977 चा. त्याखालची नियमावली 1981 ची. पदवी, बी.एड., पदवीनंतर माध्यमिक शाळेत किमान पाच वर्षांचे अध्यापन आणि त्यांतली दोन वर्षे बी.एड. नंतरची, एवढी पात्रता व समाधानकारक सेवा असलेल्यांत जो सर्वांत ज्येष्ठ, तो मुख्याध्यापक. संस्थेच्या शाळा अनेक असल्या तर ज्येष्ठता सगळ्या शाळांची मिळून धरली जाते. ज्येष्ठाला डावलायचे तर त्याने स्वखुशीने हक्क सोडल्याचे शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्यावे लागते. अल्पसंख्याक शाळांना मुख्याध्यापकाच्या निवडीपुरती या कायद्यातून सूट आहे.

ज्येष्ठता नको, गुणवत्तेवर निवड हवी, असा आग्रह गेली अनेक वर्षे प्रत्येक संमेलनात होतो. ऐकायला तो बरा वाटतो. पण ज्यांनी संस्थाचालकांच्या बैठकांना खालच्या खुर्चीवर बसून हजेरी लावली आहे, त्यांना ठाऊक आहे की गुणवत्ता शोधायला निघालेली समिती बहुतेक वेळा सचिवांच्या घरी जाऊन थांबते. ज्येष्ठता आंधळी असेल. ती निदान कोणाची सून नसते.

उलट बाजूचे सहकारीही फार शहाणे नाहीत. ज्येष्ठता यादी लागली की काम झाले, असे ते धरून चालतात. भाषण करणाऱ्याच्या सेवाकाळातच एका शाळेत दोन शिक्षकांचा वाद शाळा न्यायाधिकरणात गेला. नेमणुकीची तारीख एकाची आधीची, बी.एड. दुसऱ्याचे आधीचे, ज्येष्ठता यादीच्या ‘क’ प्रवर्गात आधी कोण आला, एवढाच प्रश्न. निकाल लागेपर्यंत तिसराच एक शिक्षक प्रभारी. प्रभारी माणूस पगारबिलावर सही करतो, कारण ती न केल्यास सगळी शिक्षकखोली अंगावर येते. बाकी कशावर करत नाही. विज्ञान खोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव कपाटात राहिला. संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ बदलून घ्यायचा अर्ज आगाराकडे गेलाच नाही, म्हणून दोन खेड्यांतल्या नववीच्या मुली पवनीकडच्या शाळेत गेल्या. दोन्ही वादी शेवटी वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले आणि दावा निरर्थक ठरला. मुली परत आल्या नाहीत, आणि पट घसरला म्हणून पुढे पदे गेली.

तेव्हा भांडण ज्येष्ठतेशी नाही. अमेरिकेतल्या स्वतंत्र शाळांत प्रमुख जाणार हे कळले की विश्वस्त शोध समिती नेमतात, उमेदवार पाहतात, नवा माणूस रुजू होईतो कित्येकदा वर्ष उलटते. त्यांचा प्रमुख केव्हा जाईल हे आधी माहीत नसते, म्हणून त्यांना हा खटाटोप. इथे जाणाऱ्याची तारीख तो नोकरीला लागला त्या दिवसापासून सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे आणि येणाऱ्याचे नाव ज्येष्ठता यादीत. दोन्ही गोष्टी शिपायालाही पाठ असतात. तरी तयारी शून्य.

महाराष्ट्राला हे कधी जमलेच नाही, असेही नाही. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल जानेवारी 1880 मध्ये निघाले. दोन वर्षांत, मार्च 1882 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 1890 मध्ये टिळक कडाक्याच्या वादानंतर बाहेर पडले. 1892 मध्ये वामन शिवराम आपटे वारले. त्यांच्या जागी फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले आगरकर जून 1895 मध्ये गेले. पंधरा वर्षांत इतके धक्के खाऊनही संस्था उभी राहिली, ती थोर माणसांच्या पुण्याईवर नव्हे. आजीव सदस्य म्हणून वीस वर्षांची बांधिलकी पत्करलेले शिक्षकच वर्गही घेत आणि कारभारही पाहत. पुढचा माणूस आधीपासून त्याच टेबलाशी बसलेला असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्था 1959 मध्ये त्यांच्या निधनानंतर वाढतच गेली, त्यातही आजीव सेवकांच्या व्यवस्थेचा वाटा आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ज्या संस्थेची एकच शाळा, तिला ही चैन नाही. तिथे सगळा वारसा प्रभार यादीतून जातो.

ती यादी वाचण्यासारखी असते. जनरल रजिस्टर, दाखल्यांची बुके, कॅशबुक, सेवापुस्तके, डेड स्टॉक रजिस्टर, शिक्के. बाके इतकी, पैकी मोडकी इतकी. नकाशे इतके, पैकी वाळवी लागलेले इतके. खाली दोन सह्या. दहावीच्या गणितात तीन वर्षे मुले कुठल्या प्रकरणावर अडकतात, रोवणीत कोणत्या गावची हजेरी तुटते, मैदानाच्या वादग्रस्त तुकड्याबद्दल शेजारच्या शेतकऱ्याशी तोंडी काय ठरले आहे, यांतले काहीही यादीत नाही.

एका मुख्याध्यापकांनी मात्र शेवटच्या वर्षी सकाळची शाळा सुटल्यावर दर शनिवारी पुढच्या ज्येष्ठ शिक्षिकेला समोर बसवून एकेक फाइल उघडली. वेतन पथकात, बोर्डाच्या नागपूर कार्यालयात, पंचायतीत तिला बरोबर नेले. त्या बाईंनी पदभार घेतला तेव्हा शाळेची घडी एक दिवसही विस्कटली नाही. यासाठी कोणाची मान्यता घ्यावी लागली नव्हती.

दूरच्या नियोजनाची गोष्ट याहून निराळी नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 22 खालचा शाळा विकास आराखडा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचे काय, हे शाळेनेच ठरवायचे. ते ठरत नाही, कारण आठ-दहा महिने उरलेला माणूस पाच वर्षांचे कागद कोणासाठी लिहील? तो शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून पाठवतो. आराखड्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोघांच्याही सह्या हव्यात, आणि त्याची सुरुवात पटाने व्हावी: पंचक्रोशीत पाचवीला यायची किती मुले आहेत, इंग्रजी शाळांच्या गाड्या कुठल्या खेड्यांतून किती उचलतात, पुढची निवृत्ती कोणत्या विषयाच्या शिक्षकाची.

मुख्याध्यापकांच्या संघटनेच्या अखत्यारीतली कामे दोन दिसतात. प्रभार यादीला जोडायच्या चार-पाच पानी टिपणाचा नमुना करणे, हे पहिले. येत्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांची तालुकावार यादी करून त्यांच्या पुढच्या ज्येष्ठांना वर्षभर आधी कामाशी जोडून देणे, हे दुसरे. त्यासाठी आदेश मागायचा की आपसांत ठरवायचे, यावर मतभेद आहेत. नमुन्यासाठी छोटी समिती नेमावी लागेल. तिचे सदस्य आणि मुदत कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत ठरेल.